ड्राइव्ह बसवला, पण जोडला कुठे? एलटीओ-८ टेप ड्राइव्ह आणि तो बसवून देणाऱ्या सेवेचे परीक्षण

परळमध्ये, हिंदमाताच्या अलीकडे, आमचा एक छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे. तिथल्या सर्व्हरसाठी गेल्या डिसेंबरात आम्ही आत बसणारा, अर्ध्या उंचीचा, सॅस (सर्व्हरमध्ये डिस्क व टेप जोडण्याची एक पद्धत) जोडणीचा एलटीओ-८ टेप ड्राइव्ह, म्हणजे माहितीची प्रत चुंबकीय फितीवर लिहून ठेवणारे यंत्र, विकत घेतला आणि त्याच पुरवठादाराकडून तो ‘बसवून, जोडून व चालू करून देण्याची’ सेवाही वेगळे पैसे मोजून घेतली. आठ महिन्यांच्या वापरानंतर हे परीक्षण लिहिताना दोन्हींना एकाच तराजूत घालणे मला शक्य नाही, कारण त्यांच्याबद्दलचे माझे मत एकमेकांच्या अगदी उलट आहे. ड्राइव्हला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. सेवेला दीड, आणि त्यातला एक गुण आलेल्या मुलाच्या सौजन्याचा आहे.

पुरवठादाराचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. तो एकटाच चुकला असता तर लिहिण्याचा मोह झाला असता. परंतु नंतर मी आणखी तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली, तेव्हा त्यांतल्या दोघांनीही ड्राइव्ह सर्व्हरला ज्यातून जोडायचा ते कार्ड गाळलेले आढळले. ड्राइव्हच्या पेटीवरचे नावही दिलेले नाही, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. एलटीओ ही एका कंपनीची मिरास नसून एचपीई, आयबीएम आणि क्वांटम यांनी मिळून सांभाळलेले मानक आहे, त्यामुळे एका नावाच्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप दुसऱ्या नावाच्या ड्राइव्हवर वाचता येते. पुढचा मजकूर त्या मानकाच्या आठव्या पिढीतल्या अर्ध्या उंचीच्या कोणत्याही ड्राइव्हला बहुतांशी लागू पडावा.

आम्हाला टेप का हवी होती हे आधी सांगितले पाहिजे, कारण ज्याच्याकडे जेमतेम चार-पाच टीबी माहिती आहे त्याने हा खटाटोप करूच नये. आम्ही मैफली, संगीत नाटकांचे प्रयोग आणि कीर्तने मुद्रित करतो. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाला एका माइकचा एक तास एक जीबीपेक्षा किंचित अधिक जागा घेतो, म्हणजे २४ माइक लावलेला तीन तासांचा नाट्यप्रयोग नुसत्या आवाजातच ७५ जीबीच्या घरात जातो, आणि हल्ली प्रत्येकाला चित्रणही हवे असते. हा साठा ३० टीबी ओलांडून गेला होता आणि त्याची दुसरी प्रत १७ बाह्य हार्ड डिस्कांवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलेली होती. दिवाळीच्या साफसफाईत त्या एकेक करून लावून पाहिल्या, तेव्हा दोन फिरल्याच नाहीत आणि तिसरी नुसती टक्-टक् करत राहिली.

शिवाय आमच्या भागाला पाण्याचा इतिहास आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी तळमजल्यावरच्या कपाटाचा खालचा कप्पा पाण्यात गेला होता. तेव्हापासून सर्व्हर पहिल्या मजल्यावर आहे आणि दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवायची असा आमच्याकडे दंडक आहे. ठाण्याला जाणाऱ्या लोकलमधून हार्ड डिस्क नेताना जीव मुठीत धरावा लागतो. टेपच्या कार्ट्रिजमध्ये एका रिळाखेरीज हलणारे असे काही नसते. अर्थात हातातून पडलेली टेपही निर्धास्तपणे वापरू नये, हे ओघाने आलेच.

आमचे ज्येष्ठ ध्वनिमुद्रक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी टेपचे नाव ऐकताच कपाळाला हात लावला. त्यांनी उमेदीची वर्षे स्पूलवर काढली आहेत आणि मुंबईच्या पावसाळ्यात फितीवर चढणारी बुरशीची पांढरी जाळी स्वतःच्या हाताने कापसाने पुसलेली आहे. “पुन्हा फीतच आणायची होती, तर माझी मशीन भंगारात का घातलीत?” असे त्यांनी विचारले. त्यांची शंका रास्त होती, आणि पुढे दोन वेळा तिचा उपयोगही झाला.

ड्राइव्ह हातात घेतल्यावर प्रथम त्याचे वजन जाणवते. आकाराने तो जुन्या सीडी ड्राइव्हसारखा सव्वापाच इंची खणात बसतो, परंतु आत सगळी धातूची यंत्रणा ठासून भरलेली आहे. नव्या रॅक सर्व्हरांत असा खण बहुधा उरलेलाच नाही, म्हणून ज्यांचा सर्व्हर रॅकमध्ये आहे त्यांनी बाहेर ठेवायचा ड्राइव्ह आणि त्याची वेगळी केबल यांचाच विचार करावा. आमचा सर्व्हर उभा, टॉवर जातीचा असल्याने खण रिकामा होता.

पेटीवर मोठ्या अक्षरांत ३० टीबी लिहिलेले असते, त्याकडे आमच्यासारख्यांनी सरळ दुर्लक्ष करावे. तो आकडा माहिती अडीच पटीने आवळली जाईल असे गृहीत धरून काढलेला आहे. हिशेबाच्या वह्या किंवा मजकुराच्या फाइली तशा आवळल्या जातही असतील, परंतु ध्वनीच्या फाइली फारशा आवळल्या जात नाहीत आणि चित्रणाच्या तर आधीच आवळलेल्या असतात. एका एलटीओ-८ टेपची खरी क्षमता १२ टीबी आहे आणि तेवढीच धरून आम्ही तीन टेपांचा एक संच ठरवला. एलटीओ-७ चा ड्राइव्ह स्वस्तात मिळत होता, पण त्याची टेप ६ टीबीची, म्हणजे टेपांची संख्या दुप्पट. एलटीओ-९ ची टेप १८ टीबीची आहे खरी, मात्र तिथे प्रत्येक कोरी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची मोजमापे घेत बसतो आणि त्यात कधी कधी दोन तासही जातात. शिवाय अंदाजपत्रकाचा आकडा आमच्या मालकांना वाचून दाखवण्याची माझी हिंमत झाली नाही. पिढी निवडताना एक गोष्ट मात्र नीट पाहावी. एलटीओ-८ चा ड्राइव्ह सातव्या पिढीची टेप लिहितो आणि वाचतो, पण सहाव्या पिढीची वाचतसुद्धा नाही. आधीच्या पिढ्यांत दोन पायऱ्या मागचे वाचता येत असे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबून अनेक जण इथे फसतात.

बसवण्याच्या दिवशी सकाळी अकराला एक तरुण आला आणि त्याने त्याचे काम चांगले केले, हे स्पष्ट नोंदवते. सर्व्हर व्यवस्थित बंद करून त्याने दोन्ही पॉवर केबल काढल्या, थोडा वेळ थांबला, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला आणि मगच बाजूचे झाकण उघडले. समोरची झाकणपट्टी काढून ड्राइव्ह सरळ आत सरकवला आणि दोन्ही बाजूंना सर्व्हरबरोबर आलेलेच आखूड स्क्रू लावले. लांब स्क्रू आतल्या यंत्रणेला जाऊन भिडू शकतो, हे त्याला ठाऊक होते. बारा वाजेपर्यंत ड्राइव्ह खणात बसला होता, समोरचा हिरवा दिवा लागला होता आणि तो म्हणाला, “झालं, मॅडम.”

सेवेचा दीड गुण इथे संपतो.

दिवा लागतो तो पॉवर मिळाल्यामुळे. माहितीची केबल त्याने सर्व्हरमधल्या रेड (RAID) कार्डाच्या, म्हणजे डिस्का सांभाळणाऱ्या कार्डाच्या, एका रिकाम्या तोंडाला लावली होती, आणि सर्व्हर सुरू केल्यावर ड्राइव्ह कुठेच दिसत नव्हता. त्याने तीनदा रीस्टार्ट केले. रेड कार्डाच्या पडद्यावर आठही डिस्का ओळीने हजर होत्या आणि नवव्या पाहुण्याचा पत्ता नव्हता. मुलाने ऑफिसात फोन लावला, तिकडून कार्डातले फर्मवेअर, म्हणजे त्याचे आतले सॉफ्टवेअर, बदलून पाहण्याचा सल्ला आला, आणि चालू सर्व्हरचे डिस्क कार्ड भरदुपारी फर्मवेअरच्या प्रयोगाला द्यायला मी नकार दिला.

खरे कारण साधे आहे आणि ते विकणाऱ्याला माहीत असायलाच हवे. रेड कार्डाचे कामच मुळी अनेक डिस्का एकत्र बांधून त्यांची एक मोठी डिस्क आहे असे सर्व्हरला भासवणे, हे असते. टेप ही डिस्क नव्हे. डिस्का आणि टेप संगणकाशी ज्या स्कझी नावाच्या भाषेत बोलतात, तिच्यात प्रत्येक उपकरणाला प्रकार क्रमांक असतो, त्यात डिस्कचा ० आणि टेपचा १. आणि बहुतेक रेड कार्डे १ क्रमांकाच्या उपकरणाला पुढे जाऊच देत नाहीत. टेप ड्राइव्हला साधे, मध्ये मध्ये न करणारे सॅस कार्ड लागते, ज्याला बाजारात एचबीए म्हणतात. दरपत्रकात ड्राइव्ह होता, पाच टेप होत्या, सफाईची टेप होती, बसवणीचा आकार होता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी होता. कार्ड नव्हते. विचारल्यावर उत्तर आले की कार्ड हे ‘स्कोपमध्ये नाही’. म्हणजे ‘जोडून देणे’ या शब्दांत ज्याला जोडायचे ती वस्तू येत नाही, असा त्यांचा मराठीचा अर्थ.

दहा दिवस पत्रव्यवहार करून झाल्यावर मी स्वतः लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असले तरी ग्रँट रोड स्टेशनला उतरून कोणालाही लॅमिंग्टन रोडच विचारावा लागतो. ९३००-८आय जातीचे कार्ड तिसऱ्या दुकानात मिळाले. केबल मिळवणे त्याहून अवघड गेले, आणि ज्यांना हे काम पुढे करायचे आहे त्यांच्यासाठी ते थोडे तपशिलात सांगते. या कार्डाच्या तोंडाचा क्रमांक एसएफएफ-८६४३ आहे आणि आमच्या ड्राइव्हच्या पाठीमागच्या तोंडाचा एसएफएफ-८४८२. दुकानदाराने काउंटरवर तीन केबल मांडल्या. पहिलीचे कार्डाकडचे टोक जुन्या एसएफएफ-८०८७ जातीचे होते, जे दिसायला नात्यातले वाटते पण रुंदीला जास्त आहे आणि बसत नाही. दुसरीच्या ड्राइव्हकडच्या टोकाला साटा डिस्कची, म्हणजे घरगुती संगणकातल्या साध्या डिस्कची, तोंडे होती. ती सॅस ड्राइव्हला का लागत नाहीत, हे दुकानदाराने बोटाने दाखवले: साटा डिस्कच्या पाठीमागे माहितीचा भाग आणि पॉवरचा भाग यांच्यात एक फट असते, सॅसमध्ये ती फट भरून टाकलेली असते, त्यामुळे साटाची केबल कितीही दाबली तरी आत जात नाही. तिसरी बरोबर होती. तिच्या ड्राइव्हकडच्या टोकाला पॉवरसाठी वेगळी शेपटी असते, आणि ती सर्व्हरच्या पॉवर सप्लायच्या मोकळ्या तारेलाच लावावी. एका तारेचे चार फाटे करणारे स्वस्त जोड अशा ठिकाणी वापरू नयेत, कारण त्यांतले काही तापून वितळलेले मी पाहिले आहेत.

त्यानंतरची चूक माझी. कार्ड मी जवळच्या दिसलेल्या स्लॉटमध्ये बसवले आणि ते सर्व्हरला दिसेना. दोन प्रोसेसरांची जागा असलेल्या सर्व्हरमध्ये काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात, आणि तो प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर ते स्लॉट शोभेचे. आमच्याकडे एकच प्रोसेसर आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या नकाशात हे स्वच्छ छापलेले होते, आणि मी तो नकाशा एका तासानंतर वाचला. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातले, सर्व्हर सुरू केला, जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारा एलएसस्कझी हा आदेश दिला आणि यादीत ‘टेप’ हा शब्द असलेली ओळ उमटली. बसवल्यापासून १२ दिवसांनी ड्राइव्ह जोडला गेला.

पहिली टेप आत गेली तो क्षण मात्र सुखाचा होता. कार्ट्रिज अर्धवट ढकलली की ड्राइव्ह ती हातातून काढून घेतो, आत खट्ट असा आवाज होतो, फितीच्या टोकाची बारीक पिन पकडली जाते आणि मग शिलाई यंत्र लांबून ऐकू यावे तशी एक घरघर सुरू होते. या कार्ट्रिजमध्ये ९६० मीटर फीत असते आणि तिच्यावर ६,६५६ रुळ, म्हणजे माहिती लिहायच्या समांतर रेघा, असतात. लिहिणारा-वाचणारा हेड एका वेळी ३२ रुळ लिहितो, म्हणजे टेप पूर्ण भरेपर्यंत फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत २०८ वेळा जाते. गुणाकार केला तर अंतर २०० किलोमीटरच्या आसपास भरते. सीएसएमटीहून पुण्याचे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर आहे. अण्णांना हा हिशेब फार आवडला आणि तेव्हापासून टेप भरायला लावली की ‘आज डेक्कन क्वीन सोडली का’ असे ते विचारतात.

पुरवठादाराचा मुलगा जानेवारीत पुन्हा आला आणि रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट लिहून देऊन गेला. पहिल्याच आठवड्यात अण्णा संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले होते. भिंतीपलीकडून ड्राइव्हचा आवाज ऐकून ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “ही फीत पुढे जात नाहीये. धुणं घासल्यासारखी मागे-पुढे, मागे-पुढे चाललीय.” पुरवठादाराला फोन केला, तेव्हा ‘तसा आवाज नॉर्मल आहे’ असे उत्तर मिळाले. अण्णांचे कान बरोबर होते.

टेप ड्राइव्ह माहितीची वाट पाहत जागच्या जागी थांबू शकत नाही. अर्ध्या उंचीचा एलटीओ-८ ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबीपर्यंत लिहितो, आणि माहिती कमी वेगाने आली तर फितीचा वेग सुमारे १०० एमबीपर्यंत खाली आणून जुळवूनही घेतो. पण पुरवठा त्याच्याही खाली घसरला की त्याला फीत थांबवावी लागते, मागे न्यावी लागते आणि पुन्हा पळवत आणून नेमक्या जागी लिहायला सुरुवात करावी लागते. यात वेळ तर जातोच, शिवाय फीत आणि हेड दोन्ही झिजतात. आमची स्क्रिप्ट संकलन खोल्यांतल्या यंत्रांवरून, एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून, थेट टेपवर लिहीत होती. असे नेटवर्क फार झाले तर सेकंदाला ११० एमबी देते, तेही मोठ्या फाइली असतील तर. छोट्या फाइलींचा फोल्डर आला की वेग निम्म्यावर येतो. लाखोंच्या ड्राइव्हला आम्ही चमच्याने पाणी पाजत होतो.

उपाय म्हणून रात्री आधी सगळे सर्व्हरच्याच डिस्कांवर आणायचे आणि तिथून टेपवर लिहायचे, असे ठरवले. सोबत टारचा, म्हणजे फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणाऱ्या आदेशाचा, ठोकळाही (एका वेळी लिहायचा तुकडा) वाढवला. मूळ सवयीने तो अवघ्या १० केबीचा असतो, तो ५१२ केबी केल्यावर वेगात उघड फरक पडला. आता १२ टीबीची टेप भरायला ११ तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. नेटवर्कवरून थेट, सर्व काही सुरळीत गेले असते तरी, ३० तास लागले असते. घरघर आता अखंड येते आणि अण्णा निश्चिंत असतात.

त्याच स्क्रिप्टमधली दुसरी चूक अधिक गंभीर होती. आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्स या कार्यप्रणालीत एकच टेप ड्राइव्ह दोन नावांनी दिसतो. एसटी० या नावाने लिहिले तर काम संपताच फीत आपोआप गुंडाळून सुरुवातीला येते, आणि एनएसटी० या नावाने लिहिले तर जिथे संपले तिथेच थांबते. एका टेपवर रोजचा बॅकअप एकामागे एक ठेवायचा असेल तर दुसरे नाव वापरावे लागते. स्क्रिप्टमध्ये पहिले होते. परिणामी प्रत्येक रात्रीचा बॅकअप आदल्या रात्रीच्या डोक्यावर लिहिला जात होता, आणि टेपचा नियम असा की सुरुवातीला नवे लिहिले की त्याच्या पुढचे जुने, फितीवर असूनही, हाती लागत नाही. रोज सकाळी मेल मात्र यायची की बॅकअप यशस्वी झाला. नवव्या दिवशी मी सोमवारचे एक मुद्रण परत काढून पाहायला गेले, तेव्हा टेपवर फक्त कालची रात्र होती. मूळ फाइली सर्व्हरवर शाबूत असल्यामुळे नुकसान झाले नाही. ‘चालू करून देण्या’त एकदा तरी फाइल परत काढून दाखवणे येते की नाही, असे मी लेखी विचारले. त्याचे उत्तर आले नाही.

आता अण्णांची बुरशीची शंका. ड्राइव्ह चालताना खोलीतली आर्द्रता २० ते ८० टक्के असावी आणि टेप दीर्घकाळ ठेवायच्या तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता राखावी, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. मुंबईच्या जुलैमध्ये उघड्या खिडकीची खोली पहिलीही मर्यादा पाळत नाही. आमच्या सर्व्हरच्या खोलीत एसी चालू असताना आर्द्रतामापक ५५ ते ६० दाखवतो. एकदा पहाटे वीज गेली, परत आली, पण एसी आपणहून सुरू झाला नाही आणि सकाळी मी पोहोचले तेव्हा काटा ८३ वर होता. त्या दिवशी ड्राइव्हला हात लावला नाही. आता वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा एसी बसवला आहे, आणि ठाण्याहून आणलेली टेप पावसाळ्यात २४ तास खोलीत, डब्यासकट, नुसती ठेवल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालत नाही. बाहेरून गार खोलीत आणलेल्या चष्म्यावर जे होते ते फितीवर होऊ नये एवढाच हेतू. फितीवरचे बेरियम फेराइट हे मुळात ऑक्साइडच असल्याने गंजण्याची भीती नाही, हे अण्णांना पटले आहे. बुरशीबाबत ते अजून हवाबंद डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला स्वतः बदलतात, आणि मी त्यांना थांबवत नाही.

सफाईच्या टेपबद्दलही पुरवठादाराचा सल्ला चुकीचा होता. दर आठवड्याला ती फिरवावी, असे सांगितले गेले. ती फीत खरखरीत असते, हेड घासूनच साफ करते, आणि एका कार्ट्रिजचे साधारण ५० वापर असतात. ड्राइव्हचा सफाईचा दिवा लागला तरच ती घालायची. आठ महिन्यांत आमच्याकडे तो एकदाच लागला.

ड्राइव्हचा जो अर्धा गुण मी कापला आहे तो आवाजाचा. फीत गुंडाळताना आणि पंखा वेग घेताना तो इतका ऐकू येतो की शेजारच्या खोलीतल्या संवेदनशील माइकने एकदा तानपुऱ्याखाली ती घरघर टिपली. कचेरीत याचे कोणाला काही वाटणार नाही. आम्ही मुद्रण चालू असताना टेप चालवत नाही, एवढेच. बाकी आठ महिन्यांत एकही लेखनदोष आलेला नाही, आणि महिन्यातून एकदा उचलून तपासलेली प्रत्येक फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळली आहे.

ज्यांना असा ड्राइव्ह घ्यायचा आहे त्यांनी खरेदीच्या पत्रातच सॅस कार्डाचा प्रकार, केबलच्या दोन्ही टोकांचे क्रमांक आणि कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये जाणार ते लिहून घ्यावे, आणि सेवेचे अर्धे पैसे पुरवठादाराने तुमच्यासमोर एक जुनी फाइल टेपवरून परत काढून दाखवेपर्यंत हातात ठेवावेत. मी पूर्ण पैसे आगाऊ दिले होते. जूनमध्ये त्याच पुरवठादाराकडून वार्षिक देखभाल कराराचे दरपत्रक आले. त्यात ‘एचबीए कार्ड व केबल जोडणी तपासणी’ अशी स्वतंत्र ओळ आहे आणि तिच्यासमोर स्वतंत्र रक्कम. कार्ड आणि केबल कोणी आणली याची लॅमिंग्टन रोडची दोन्ही बिले जोडून, त्या ओळीवर काट मारून, मी ते दरपत्रक परत पाठवले आहे.